न्यूबॉर्न फोटोशूटचा अनुभव: फोटो अप्रतिम, पण बाळाचं नाव बारशाआधीच रीलवर

आधीच सांगते, स्टुडिओचं नाव लिहिणार नाहीये. पुण्यातला आहे एवढंच. नाव लिहिलं की कोणीतरी त्यांचं पेज उघडणार, खाली खाली स्क्रोल करत जाणार आणि आमचं बाळ शोधणार, आणि ते होऊ नये म्हणूनच तर गेले कितीतरी महिने माझी धडपड चाललीय. बाळाचं नावही इथे सांगणार नाही. घरी आम्ही तिला चिमणी म्हणतो, इथेही चिमणीच म्हणते.

चिमणी माझ्या दादाची मुलगी, गेल्या श्रावणात झाली. मी आत्या. वहिनीला सातवा लागला तेव्हाच मी सांगून टाकलेलं की बाळाचं फोटोशूट माझ्याकडून, कुणी मधे बोलायचं नाही. चार-पाच स्टुडिओंची पेजं बघितली, दोन ठिकाणी फोन केले आणि हा पक्का केला. पॅकेज १४ हजारांचं होतं, त्यात तीन सेटअप, आई-बाबांबरोबरचे फोटो, पंधरा एडिट केलेले फोटो, अल्बम आणि भिंतीवर लावायला एक मोठी फ्रेम. निम्मे पैसे आधी द्यायचे. तारीख डॉक्टरांनी दिलेल्या तारखेवरून अंदाजे धरून ठेवतात आणि डिलिव्हरी झाली की फोन करून नक्की करायची, ही सोय मला फार आवडली कारण बाळ काही आपल्या कॅलेंडरप्रमाणे येत नाही.

आता कामाबद्दल. त्यात काही म्हणजे काही नाव ठेवायला जागा नाही आणि ते मी मोकळेपणाने लिहिणार, कारण ज्यांनी चांगलं केलं ते चांगलंच म्हणायला हवं. नवव्या दिवशी गेलो. इतक्या लवकर का न्यायचं असं आजीने विचारलेलं, तर पहिल्या दोन आठवड्यांत बाळ गाढ झोपतं आणि हातपाय पोटात असल्यासारखे मुडपून घेतं, नंतर ते ताणायला लागतं मग तशा पोज मिळत नाहीत. खोली आधीच उबदार करून ठेवलेली, आम्हाला घाम फुटत होता पण बाळाला उघडं ठेवायचं म्हणजे तेवढी ऊब लागतेच. कोपऱ्यात मशीनवर एकसारखा सूं सूं आवाज चालू, पोटात बाळाला तसलाच आवाज येत असतो म्हणे. फोटोग्राफर ताईंनी आल्या आल्या हातातली अंगठी, घड्याळ काढलं, हात कोपरापर्यंत धुतले आणि चिमणीला ज्या पद्धतीने उचललं ना, आजीने तिथेच मान डोलावली.

ते हनुवटीखाली दोन्ही हात ठेवलेलं बाळ बघितलं असेल तुम्ही, बेडकासारखी पोज. मला भीती होती की एवढुसं बाळ असं बसवणार कसं. तर बसवतच नाहीत. एका फोटोत मदतनीस मुलगी डोकं धरते, दुसऱ्यात मनगटं धरते, आणि मग कॉम्प्युटरवर दोन्ही जोडून धरणारे हात पुसून टाकतात, बाळाला एक क्षणही मोकळं सोडत नाहीत. कुठे शूट करणार असाल तर हे नक्की विचारा, एकाच फोटोत पोज घेतो म्हणाले तर तिथून उठा. वहिनी ओली बाळंतीण, टाके दुखत होते, तिच्यासाठी मागे वेगळी खोली, आरामखुर्ची, पाजायला हवा तेवढा वेळ. साडेचार तास लागले पण कुणी एकदाही घाई केली नाही. वारकरी थीममध्ये इवलीशी हिरवी नऊवारी, डोक्याशी बोटभर तुळशी वृंदावन आणि शेजारी टाळ, तो फोटो आज आमच्या हॉलमध्ये आहे आणि येणारा प्रत्येक माणूस त्याच्यासमोर थांबतो.

तिसऱ्या सेटअपला काय झालं ते नीट सांगते कारण सगळं तिथेच आहे.

त्यांनी आधीच सांगून ठेवलेलं की येताना हॉस्पिटलमधला बाळाच्या पायाचा टॅग घेऊन या. गुलाबी प्लॅस्टिकची पट्टी, तिच्यावर हॉस्पिटलचं नाव छापलेलं आणि खाली बॉलपेनने लिहिलेलं, 'बेबी ऑफ' आणि पुढे वहिनीचं पूर्ण नाव, तारीख आणि जन्मवेळ, मिनिटासकट. नर्सच्या हातचं ते थोडं पुसट झालेलं अक्षर. ती पट्टी त्यांनी एका लाकडी ट्रेमध्ये मऊ लोकरीवर ठेवली, शेजारी लाकडी ठोकळे मांडून वजन लिहिलं, आणि मग मुलीने विचारलं, नाव ठरलंय ना, अक्षरं सांगा. दादाने वहिनीकडे बघितलं. नाव ठरलेलं, पण ते तेव्हा जगात फक्त तीन माणसांना माहीत होतं, दादा, वहिनी आणि मी. आजीलासुद्धा सांगितलं नव्हतं. दादा म्हणाला, ठरलंय, पण बारशापर्यंत कुणाला सांगायचं नाहीये. तर त्या म्हणाल्या, काळजी करू नका सर, अल्बम तुम्हाला मिळेपर्यंत बारसं होऊन जाईल. आम्हालाही पटलं. लाकडी अक्षरं लावली, मधे चिमणीला झोपवलं, फोटो काढला. फोटो सुंदर आला होता हेही खरंय.

बारसं बाराव्या दिवशी. अकराव्या दिवशी सकाळी दादाच्या ऑफिसमधल्या एकाचा मेसेज आला, अभिनंदन आणि पुढे चिमणीचं नाव. दादाला वाटलं मी कुणाला सांगितलं. त्याने मला फोन केला आणि खरं सांगते, दोन मिनिटं आमचं भांडणच झालं. तेवढ्यात वहिनीची मामेबहीण कराडहून, किती गोड नाव ठेवलंस गं म्हणून. मग कळलं. स्टुडिओने रील टाकलेलं, अर्ध्या मिनिटाचं, शूट कसं केलं ते दाखवणारं, आणि शेवटी तो ट्रे. टॅग, तारीख, वेळ, वजन, नाव. थांबवून झूम केलं तर नर्सचं अक्षर वाचता येत होतं. वरून कौतुकाने वहिनीचं अकाउंट टॅग केलेलं. मी बघितलं तेव्हा ११ हजार लोकांनी पाहिलेलं, संध्याकाळपर्यंत ४० हजारांच्या वर गेलं.

वाचणाऱ्यांपैकी काही जण म्हणतील एवढं काय त्यात, दुसऱ्या दिवशी नाव कळणारच होतं सगळ्यांना. मला हे तोंडावर बोललेत लोक. पण ज्यांच्या घरी बारसं होतं त्यांना कळेल. शूट सोडलं तर आमच्या आजीने बारा दिवस बाळ बाहेरच्या कुणाला दाखवलं नव्हतं. रोज न्हाऊ-माखू झालं की शेक, धुरी आणि कानामागे काजळाची तीट. पाचवीच्या रात्री तिने पाटावर कोरा कागद आणि पेन मांडलं होतं, सटवी येते आणि बाळाचं नशीब लिहिते म्हणून, रात्रभर दिवा विझू दिला नाही. माझा सटवीवर विश्वास आहे की नाही ते सोडा, पण त्या कोऱ्या कागदात मला फार मोठी गोष्ट वाटते, की या पोरीबद्दल अजून कुणीच काही लिहिलेलं नाही. आणि त्यानंतर सहा दिवसांत तिच्याबद्दल जगात जाहीरपणे जे पहिलं लिहिलं गेलं ते कुणा अनोळखी मुलीने टाइप केलेलं कॅप्शन होतं, खाली पंचवीस हॅशटॅग आणि बुकिंगचा नंबर.

बारशाला मी पाळण्यावर वाकले, तिच्या कानाशी तोंड नेलं, कुर्रर्र केलं. बायकांनी पाठीत धपाटे घातले, तेही झालं. पण मी कानात नाव सांगायच्या आधीच शेजारची सहा-सात वर्षांची मुलगी मोठ्याने नाव म्हणाली, कारण तिने आईच्या मोबाईलवर बघितलेलं. सगळ्या हसल्या, तिची काही चूक नाही, लहान आहे ती. मी तरीही कानात सांगितलं, हळू, दोनदा. घुगऱ्या वाटल्या, पाळणा म्हटला. आजी दिवसभर काही बोलली नाही. रात्री फक्त म्हणाली, आत्याचा मान होता तो.

आणि हे फक्त मानापानाचं असतं तर मी एवढं मोठं लिहिलंच नसतं.

बारशानंतर तिसऱ्या दिवशी वहिनीला इन्स्टाग्रामवर अनोळखी अकाउंटवरून मेसेज आला. त्यात चिमणीची पत्रिका होती. अख्खी कुंडली काढलेली, रास, नक्षत्र, चरण, आमच्या गुरुजींनी काढलेल्या पत्रिकेशी तंतोतंत जुळणारी. आणि खाली लिहिलेलं की बाळाच्या जन्माला दोष आहे, वडिलांना त्रास संभवतो, शांत करून घ्या, ११०० रुपये या नंबरवर पाठवा. जन्मतारीख, मिनिटापर्यंतची वेळ आणि हॉस्पिटलवरून गाव, पत्रिका काढायला याच्यापेक्षा जास्त लागतं तरी काय? सगळं त्या ट्रेमध्ये मांडून ठेवलेलं होतं. पंधरा दिवसांची बाळंतीण, झोप नाही, त्यात हे वाचलं, वहिनी रात्रभर रडत होती आणि दादा ऑफिसला निघाला की जीव टांगणीला. गुरुजींनी येऊन स्वतः सांगितलं तसला काही दोष नाही तेव्हा कुठे ती जेवली. त्या माणसाला आम्ही पैसे दिले नाहीत, अकाउंट रिपोर्ट केलं, पण कुणीतरी बसून आमच्या बाळाचं रील थांबवून थांबवून वाचलं आणि त्यावरून एका आईला घाबरवायचं ठरवलं, हा विचार माझ्या मनातून जात नाही. आणि पत्रिकेचं राहू दे, आईचं नाव आणि जन्मतारीख हे तर बँकेपासून सगळीकडे ओळख पटवायला विचारतात. चिमणी मोठी होऊन खातं उघडेल तेव्हा तिचं हे उत्तर आधीच गावभर झालेलं असेल.

आता काढून टाकण्याबद्दल, कारण बऱ्याच जणांना हे करायची वेळ येते आणि कुठून सुरुवात करायची कळत नाही. अकराव्या दिवशी दुपारीच मी स्टुडिओला फोन केलेला. बोलल्या अगदी नम्रपणे, सॉरी मॅम, लोक तर स्वतःहून सांगतात आमचं बाळ पेजवर टाका म्हणून. रात्रीपर्यंत रील काढलं. पण ट्रेचा फोटो वेगळी पोस्ट म्हणून होता तो तसाच, हायलाइटमध्ये होता तो तसाच, एकेक सांगून काढायला लावावं लागलं. तोवर लाकडी अक्षरं विकणाऱ्या एका पेजने आपल्याकडे टाकलेलं आणि गोड बाळांचे व्हिडिओ गोळा करणाऱ्या कुठल्याशा पेजनेही. अक्षरंवाल्या बाईंना मेसेज केला, त्यांनी पाच मिनिटांत काढलं, वर स्वतः फोन करून माफी मागितली. दुसऱ्या पेजने उत्तरच दिलं नाही. तिथे इन्स्टाग्रामचा एक फॉर्म कामी आला, तेरा वर्षांखालच्या मुलाचा फोटो परवानगीशिवाय टाकला असेल तर आई-वडील तो भरू शकतात. दादाने बाप म्हणून भरला, काही दिवसांनी पोस्ट गेली. गूगलचाही तसा फॉर्म आहे, २०२१ पासून अठरा वर्षांखालच्या मुलांचे फोटो सर्चमधून काढायला विनंती करता येते, तोही भरून ठेवला. कारण प्रोफेशनल पब्लिक अकाउंटच्या पोस्ट जुलै २०२५ पासून गूगल सर्चमध्येही दिसू शकतात, आणि असे स्टुडिओ सगळे तसलेच अकाउंट वापरतात, म्हणजे रील इन्स्टाग्रामवरच राहिलं असं समजून गप्प बसण्यात अर्थ नाही. ज्यांनी स्क्रीनशॉट काढले असतील किंवा डाउनलोड केलं असेल त्यांचं आम्ही काहीच करू शकत नाही.

मग मी बुकिंगच्या वेळचा फॉर्म उघडला. लिंक व्हॉट्सअॅपवर आलेली, शेवटच्या पानावर बारीक अक्षरात अटी आणि त्यात एक ओळ, काढलेले फोटो व व्हिडिओ स्टुडिओ प्रसिद्धीसाठी वापरू शकतो. खाली टिक माझी. मी वाचलं नव्हतं. गिफ्ट देण्याच्या आनंदात पटापट टिक करत गेले आणि दादा-वहिनीला दाखवलंही नाही. ही माझी चूक आणि ती मी त्या दोघांसमोर कबूल केलीय. पण त्याच्यापुढे मी जे वाचलं ते सगळ्यांना माहीत हवं. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे, त्याच्या कलम १७ मध्ये स्पष्ट आहे की पैसे देऊन कुणाकडून फोटो काढून घेतला आणि वेगळा करार केलेला नसेल तर त्या फोटोचा पहिला मालक तो काढून घेणारा, फोटोग्राफर नाही. व्हिडिओलाही तेच. मी तर आयुष्यभर उलटं समजत होते. ती बारीक अक्षरातली ओळ टाकलेली असते ती यासाठीच, नाहीतर त्यांना तो फोटो विचारल्याशिवाय वापरताच येत नाही. आणि शिवाय मी आत्या, आई-बाप नाही. २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा, डीपीडीपी म्हणतात तो, त्यात अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायची तर पालकांचीच पडताळून घेतलेली संमती लागते. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यानंतर अठरा महिन्यांची मुदत दिलीय, म्हणजे आत्ता त्याच्या जोरावर फार भांडता येत नाही, पण स्टुडिओवाल्यांनी आतापासूनच सवय लावून घ्यावी असं मला मनापासून वाटतं. घरगुती वापराला तो कायदा लागत नाही, धंद्याला लागतो.

सगळं मिटलं असं वाटत असताना फेब्रुवारीत ऑफिसमधली माझी मैत्रीण, तिला सहावा महिना होता, मला मोबाईल दाखवायला आली, बघ ना किती गोड. स्पॉन्सर्ड पोस्ट. हिरवी नऊवारी, तुळशी वृंदावन आणि चिमणी. उन्हाळ्याच्या बुकिंगवर वीस टक्के सूट. मैत्रिणीला माहीतच नव्हतं ती माझी भाची आहे. मी तिथेच उभी थरथरत होते. आपलं बाळ दुसऱ्याच्या जाहिरातीत, कुणाकुणाच्या फोनवर, पैसे देऊन पोचवलेलं.

या वेळी फोन केला नाही, दादाच्या नावाने ईमेल केला, कलम वगैरे लिहून. दोन दिवसांत जाहिरात बंद. मालकीणबाई स्वतः फोनवर आल्या. त्यांचं म्हणणं, जाहिराती बाहेरची एजन्सी करते, त्यांच्याकडे ड्राइव्हचं फोल्डर असतं, त्यातून त्यांनी उचलला. म्हणजे बघा, आम्ही एका खोलीत चार माणसांसमोर बाळ उघडं केलं असं समजत होतो आणि ते फोटो कुणा तिसऱ्याच्या कॉम्प्युटरवर पडलेले होते, आणखी किती बाळांचे असतील देवाला माहीत. आम्हालाही फोटो निवडायला जी ड्राइव्हची लिंक दिली होती ती मी परत तपासली, तर ज्याच्याकडे लिंक असेल त्याला उघडेल अशी ठेवलेली, सहा महिन्यांनंतरही चालू. त्यात एडिट न केलेले, अंगावर काही नसलेले फोटो. ते ऐकून त्या बाई खरंच गप्प झाल्या. फोल्डर डिलीट केलं आणि तसं लेखी कळवलं. पैसे परत मागितले नाहीत आम्ही, त्यांनी दिलेही नाहीत.

इथे आमच्या घराबद्दलही लिहायला हवं, नाहीतर सगळा दोष दुसऱ्यावर टाकल्यासारखं होईल. चिमणी झाली त्या दिवशी मीच हॉस्पिटलच्या लोकेशनसकट स्टोरी टाकलेली, आत्या झाले म्हणून. दादाच्या स्टेटसला तिचे पाय. आजी दिसेल तो फोटो भजनी मंडळाच्या ग्रुपवर पाठवायची, तिथे सव्वाशे बायका. त्या पत्रिकेच्या प्रकरणानंतर आम्ही सगळे एका रविवारी बसलो आणि ठरवलं. आता शेअर केलेला एक अल्बम आहे, त्यात घरातली नऊ माणसं, फोटो फक्त तिथे. आजीला ते जमत नाही म्हणून मी दर महिन्याला दहा-बारा फोटो छापून आणते, छोट्या साइझचे, ती ते पोथीत ठेवते आणि मंडळात नेऊन हातात देऊन दाखवते, परत मोजून घेते. पाठवत नाही. सुरुवातीला नातेवाइकांनी नाकं मुरडली, तुमचंच बाळ काय जगावेगळं. दोन काकवा अजूनही रुसल्यात. रुसू देत.

२०१७ च्या २४ ऑगस्टला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. के. एस. पुट्टस्वामी नावाच्या निवृत्त न्यायमूर्तींनी आधारच्या विरोधात याचिका केलेली, त्यात तो निकाल आला. त्यात न्यायमूर्ती संजय किशन कौल यांनी लिहिलंय की माणसं विसरतात पण इंटरनेट विसरत नाही आणि विसरूही देत नाही, लहान मुलांच्या ऑनलाइन खुणांबद्दलही त्यांनी वेगळं लिहिलंय. मी ते शोधून वाचलं आणि चिमणीच्या वयाचा हिशोब केला. ती अठरा वर्षांची होईल २०४३ साली. तेव्हा तिला कदाचित सगळीकडे दिसायला आवडेल, रोज दहा रील टाकेल, टाकू दे, तिचा चेहरा आणि तिचं नाव. किंवा तिला नसेल आवडत. आत्ता आपण तिच्या नावावर एवढं काही लिहून ठेवायचं नाही की तिला आधी तेच पुसत बसावं लागेल, एवढं तरी आपल्या हातात आहे ना?

तर रेटिंग. फोटोग्राफी आणि बाळाची सुरक्षितता, पाचपैकी पाच. बाळंतिणीची काळजी, पाच. वेळेत अल्बम, चार, दहा दिवस उशीर झाला. खाजगीपणा, एक, आणि तो एकसुद्धा नंतर सुधारणा केली म्हणून. कारण सुधारणा खरंच केलीय. तीच माझी मैत्रीण, सगळं माहीत असून मे महिन्यात तिथेच गेली कारण काम चांगलं आहे, आणि तिला आलेल्या फॉर्ममध्ये आता वेगळं पान आहे, त्यावर आई-बाबा दोघांच्या सह्या आणि तीन पर्याय: अजिबात वापरायचे नाहीत, चेहरा आणि नाव न दाखवता वापरा, सगळे वापरा. आधीपासून कुठलीच टिक नाही. ड्राइव्हची लिंक पंधरा दिवसांत बंद होते. मालकीणबाईंनी तिला सांगितलं म्हणे, एका आत्याने आमचे डोळे उघडले. मला बरं वाटलं.

एका दुसऱ्या स्टुडिओत मी मागच्या महिन्यात चुलतबहिणीसाठी चौकशी केली तर म्हणाले, फोटो टाकायचे नसतील तर ३ हजार जास्त पडतील. हे मला अजिबात पटलेलं नाही. आपल्याच बाळाचा फोटो आपल्यापुरता ठेवायला पैसे का मोजायचे? तिथे बुकिंग केलं नाही.

बहिणीने जिथे केलं तिथे पैसे भरायच्या आधी हा मेसेज पाठवला आणि त्यांच्याकडून 'मान्य' असं लेखी घेतलं. हवा असेल तर असाच्या असा कॉपी करा:

'बाळाचे फोटो, व्हिडिओ, नाव, जन्मतारीख, जन्मवेळ किंवा आई-वडिलांची माहिती आमच्या दोघांच्या लेखी परवानगीशिवाय पेज, वेबसाइट, जाहिरात किंवा इतर कुठेही वापरू नये, बाहेरच्या कुणालाही देऊ नये, आणि अल्बम मिळाल्यावर तीस दिवसांत तुमच्याकडच्या प्रती डिलीट करून आम्हाला कळवावं. फॉर्ममधली याच्या विरुद्ध अट आम्हाला मान्य नाही.'